शेवटची बोट सुटल्यानंतरचे गाव

आज २४ एप्रिल, राष्ट्रीय पंचायत राज दिन. १९९३ साली याच तारखेला ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामपंचायतीला राज्यघटनेत हक्काची जागा मिळाली. महाराष्ट्राचा वारसा त्याहून जुना आहे. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १ मे १९६२ रोजी इथे जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. राज्यात आज सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. त्यांतल्या नावाजलेल्या गावांचे आज सत्कार होतील, आणि ते व्हायलाच हवेत. आम्हाला मात्र आज एका लहानशा ग्रामपंचायतीबद्दल लिहायचे आहे. ती मुंबईच्या डोळ्यांसमोर आहे, पण तिच्याकडे गाव म्हणून फारसे कोणी पाहत नाही. रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातली घारापुरी.

जगाला हे बेट एलिफंटा म्हणून ठाऊक आहे. १९८७ मध्ये युनेस्कोने इथल्या लेण्यांना जागतिक वारसा ठरवले. वर्षाला लाखो माणसे गेटवेहून तासाभराचा बोटप्रवास करून येतात, जेट्टीपासून पायथ्यापर्यंत छोट्या गाडीत बसतात, दुतर्फा दुकाने असलेल्या पायऱ्या चढतात, महेशमूर्तीपुढे उभी राहतात आणि दुपारनंतरच्या बोटींनी परततात. लेणी सोमवारी बंद असतात, म्हणून सोमवारी कोणी फिरकत नाही. पर्यटकाला बेटावर मुक्कामाची सोय नाही. शेतबंदर, राजबंदर आणि मोरबंदर या तीन पाड्यांत मिळून हजाराच्या आसपास माणसे राहतात, त्यांची संध्याकाळ बाहेरच्या कोणी पाहिलेली नसते. शेवटची बोट सुटल्यावर जे उरते ते हे गाव, आणि ग्रामपंचायत त्या गावाची आहे.

बेटाच्या डोंगरावर, तोफेपाशी उभे राहिले की गेल्या सत्तर वर्षांत देशाने काय काय उभारले ते चहूबाजूंनी दिसते. एकीकडे ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्राचे घुमट, जवळच जवाहर द्वीपावरच्या तेलाच्या टाक्या, पलीकडे १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन, आणि १२ जानेवारी २०२४पासून शिवडी-न्हावा यांना जोडणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू. यांतल्या एकाही प्रकल्पाच्या आराखड्यात घारापुरीचा माणूस नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोर रात्रभर दिवे जळत राहिले आणि त्याच्या घरात कंदील.

ते कंदील विझले २२ फेब्रुवारी २०१८ रोजी. त्या दिवशी महावितरणने समुद्रतळावरून टाकलेल्या साडेसात किलोमीटर लांबीच्या केबलमधून बेटावर वीज आली. स्वातंत्र्याला सत्तर वर्षे उलटून गेली होती. त्याआधी पर्यटन विकास महामंडळाच्या जनरेटरवर संध्याकाळी साधारण तीन तास दिवे लागत. मोबाइलचे चार्जिंग, मुलांचा अभ्यास, टीव्हीवरच्या बातम्या, उद्याच्या धंद्याची आवराआवर, सगळे त्या तीन तासांत कोंबायचे. जनरेटर बिघडला की तेही नाही. मुंबईचे आकाश ज्या उजेडाने रात्री लालसर दिसते, तो उजेड दहा किलोमीटरवरून नुसता पाहत एका गावाच्या तीन पिढ्या गेल्या.

या केबलला सुमारे २५ कोटी रुपये खर्च आला. हजार माणसांवर तो वाटला तर माणशी अडीच लाख होतात. इतकी वर्षे हाच हिशेब पुढे करून वीज नाकारली जात होती, आणि एका दिवशी सरकारने तो हिशेब बाजूला ठेवून निर्णय घेतला. घारापुरीच्या इतिहासातली ही आम्हाला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, कारण डोकी मोजण्याचा नियम बाजूला सारता येतो हे त्यातून सिद्ध झाले. मग तो विजेपुरताच का सारला गेला?

बेट गरीब राहते ते लोक आळशी असतात म्हणून नाही आणि निधी अजिबात येत नाही म्हणूनही नाही. आपल्या विकासाचे जवळजवळ सगळे निकष लोकसंख्येवर बेतलेले आहेत, आणि त्या निकषावर बेट प्रत्येक वेळी हरते. आरोग्य उपकेंद्रासाठी सपाटीवर पाच हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्या लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी तीस हजार किंवा वीस हजार. हजार माणसांचे गाव या कोष्टकात शिरतच नाही. सपाटीवर याने मोठे बिघडत नाही, कारण हजार वस्तीच्या गावाला शेजारच्या गावचे उपकेंद्र असते आणि मध्ये रस्ता असतो. इथे मध्ये खाडी आहे. शाळेचे तसेच. शिक्षण हक्काच्या नियमांत प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत हवी, असे म्हटले आहे. ते किलोमीटर जमिनीवरचे आहेत. ज्या मुलीला कॉलेजसाठी रोज पाणी ओलांडायचे आहे, तिचे शिक्षण पहिल्या उधाणात तुटते की बापाने उरणला खोली घेतल्यावर टिकते, हे कोणत्याही कोष्टकात नोंदवले जात नाही. वित्त आयोगाचा पैसाही मुख्यत्वे लोकसंख्येच्या प्रमाणात खाली झिरपतो, आणि पंधराव्या वित्त आयोगाने तर त्यातला साठ टक्के पाणी व स्वच्छतेसाठीच बांधून दिला. बंधित निधीमागचा हेतू चांगला होता. पण बोटीच्या डिझेलसाठी पंचायतीला त्यातला एक रुपयाही वापरता येत नव्हता.

आता तेवढाच निधी बेटावर किती पुरतो ते पाहा. सिमेंटची एक गोणी उरणच्या दुकानातून निघते, टेम्पोने बंदरावर येते, हमालीने होडीत चढते, भरतीची वेळ साधून बेटाला लागते, पुन्हा हमालीने उतरते आणि डोक्यावरून पाड्यात जाते. ओहोटी लागली की लहान धक्क्याशी होडी टेकत नाही. मग चिखलातून उतरायचे, नाहीतर पाणी चढेपर्यंत थांबायचे. रेती, खडी, सळ्या, पाण्याचे पाइप, गॅसचे सिलिंडर, रेशनचा तांदूळ, सगळ्याचा रस्ता हाच. उरणमध्ये जे गटार लाख रुपयांत होते ते इथे लाखात होणार नाही, हे शेंबडे पोरही सांगेल. पण अंदाजपत्रक बनते जिल्हा दरसूचीवर, आणि त्या दरात कंत्राटदार बेटावर यायला तयार होत नाही. निविदा पुन्हा पुन्हा काढाव्या लागतात, आर्थिक वर्ष संपते, निधी परत जातो आणि वरून शेरा येतो की ग्रामपंचायतीने निधी वेळेत खर्च केला नाही. राज्यातल्या दुर्गम भागांत काम केलेला कोणताही ग्रामसेवक ही साखळी तोंडपाठ सांगेल. बेटावर तिला भरती-ओहोटीचे वेळापत्रकही जोडलेले असते, एवढाच फरक.

एवढ्या वस्तीला कायद्याने सात सदस्यांची पंचायत मिळते. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४५ने आणि ग्रामसूचीने तिच्यावर रस्ते, पाणी, दिवाबत्ती, स्वच्छता अशी कामांची लांबलचक यादी सोपवली आहे. पण जमिनीवर हक्क कोणाचा चालतो? लेणी आणि त्यांचा परिसर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. २०१०च्या दुरुस्तीनंतर स्मारकाभोवतीच्या शंभर मीटरांत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगीचे बंधन. डोंगरावर वनखात्याचा अंमल. किनाऱ्यावर सीआरझेड. धक्का आणि जलवाहतूक मेरीटाइम बोर्डाकडे. पर्यटनाच्या सोयी महामंडळाकडे, एलिफंटा महोत्सवही त्यांचाच. समोरच्या पाण्यात बंदराची आणि नौदलाची वाहतूक. घर दुरुस्त करायचे, शौचालय बांधायचे, दुकानावर पत्रा टाकायचा, तर यांतल्या कोणाचे तरी ना-हरकत पत्र लागतेच, आणि त्यांचे कार्यालय बेटावर नसते. कागद घेऊन होडीने जाणारा माणूस मात्र बेटावरचा असतो, आणि त्या दिवसाचा त्याचा धंदा बुडतो.

पैशाचा मार्गही याच दिशेने जातो. लेण्यांच्या तिकिटाचे भारतीय पर्यटकाकडून ४० आणि परदेशी पर्यटकाकडून ६०० रुपये घेतले जातात. ते केंद्राच्या तिजोरीत जमा होतात. ग्रामपंचायत जेट्टीवर जो पर्यटक कर घेते तो काही रुपयांचा. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे, मक्याची बुरकुंडे आणि उघड्यावर केलेली घाण मात्र पूर्णपणे ग्रामपंचायतीच्या हद्दीत राहते. लाखो पाहुण्यांचा कचरा हजार माणसांच्या पंचायतीने उचलायचा आणि तोही होडीत भरून पलीकडे न्यायचा. जगाच्या वारशाची झाडलोट एका गावावर टाकणे आणि त्याचे उत्पन्न त्या गावापासून दूर ठेवणे हा अन्याय आहे, आणि तो दुरुस्त करायला घटनेत बदल करावा लागत नाही. तिकिटाच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा स्मारकाच्या गावाला द्यायचा, एवढा एक धोरणनिर्णय पुरे. घारापुरीसाठी झाला तर वेरूळ, अजिंठ्याच्या पायथ्याच्या गावांनाही तो लागू करता येईल.

गावाची मिळकत पर्यटकाच्या एकाच दोरीला टांगलेली आहे, हे तर आणखी चिंतेचे. कधीकाळी इथे भातशेती होती, मासेमारी होती, होड्यांची दुरुस्ती होती. आज बहुतेक घरांतले कोणी ना कोणी पायऱ्यांवरच्या दुकानात, खाणावळीत किंवा बोटीवर आहे. मीठ-मसाला लावलेली काकडी आणि कैरी पाटीत घेऊन सावलीला बसलेली आजी तुम्ही पाहिली असेल. बोट आली तर तिची पाटी रिकामी होते, नाही आली तर संध्याकाळी काकडी सुकून घरी परत जाते. १७ मार्च २०२०पासून कोविडमुळे पुरातत्त्व खात्याची सगळी स्मारके बंद झाली, तेव्हा ही दोरी पहिल्यांदा तुटली. १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून एलिफंटाकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर इंजिनाच्या चाचणीसाठी निघालेली नौदलाची वेगवान बोट आदळली. त्यात पंधरा जणांचा जीव गेला. त्यानंतर लाइफ जॅकेट घालण्याची सक्ती झाली, तपासण्या झाल्या, चौकशीच्या घोषणा झाल्या. पण घारापुरीचे लोक ज्या लहान होड्यांतून रोज याच पाण्यातून बाजाराला, दवाखान्याला, तहसीलला जातात, त्यांच्या सुरक्षिततेचा विषय त्या चर्चेत कितीसा आला?

रात्री बेटावर एखाद्या बाईच्या पोटात कळा सुरू झाल्या तर काय होते, याचा विचार करून पाहावा. आधी होडीवाल्याला उठवायचे. ओहोटी असेल तर कोणत्या धक्क्याला पाणी आहे ते बघायचे. बाईला खुर्चीत किंवा झोळीत घालून खाली आणायचे. आशाताई सोबत असते, कधी सासू. पावसाळ्यात वारा सुटला असेल तर तिथेच निर्णय घ्यायचा की निघायचे की उजाडायची वाट पाहायची. पलीकडे १०८ची गाडी येते, ती खाडीच्या त्या काठाला. या काठापासून त्या काठापर्यंतची जबाबदारी सरकारच्या कोणत्याच खात्याच्या कागदावर नाही. ती शेजाऱ्यांची आहे, आणि शेजारी ती निभावतात. आमच्या मते बेटाच्या विकासाचे खरे माप हे आहे. महोत्सवाच्या रोषणाईत ते कधीच दिसणार नाही.

जगात याहून दूरच्या बेटांवरच्या स्थानिक संस्थांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. जपानमध्ये शिमाने प्रांताच्या किनाऱ्यापासून सुमारे साठ किलोमीटरवर ओकी द्वीपसमूहात आमा नावाचे नगर आहे. वस्ती दोन-अडीच हजार. एकेकाळी सात हजारांच्या घरात असलेली माणसे निघून चालली होती आणि नगरपालिकेवर हजार कोटी येनच्या आसपास कर्ज होते. शेजारच्या नगरांत विलीन व्हा, असा वरून आग्रह होता. २००२ मध्ये निवडून आलेल्या मिचिओ यामाउची या नगराध्यक्षांनी विलीनीकरण नाकारले. त्यांनी आधी स्वतःचा पगार निम्म्यावर आणला, मग कर्मचारीही कपातीला तयार झाले. वाचलेला पैसा त्यांनी जे बेटावर पिकते त्यात घातला. मासळी आणि कालवे ताजेपणा न गमावता गोठवणारी यंत्रणा नगरपालिकेने स्वतः उभारली, कारण ताजी मासळी फेरीबोटीने पोचेपर्यंत तिचा भाव पडत असे. बेटावरची शाळा विद्यार्थ्यांअभावी बंद पडायच्या बेतात होती. तिच्यात त्यांनी इतका जीव ओतला की मुख्य भूमीवरची मुले तिथे शिकायला येऊ लागली. मुलांमागून तरुण कुटुंबे आली.

जपानची नगरपालिका आणि आपली ग्रामपंचायत यांची बरोबरी होत नाही, हे आम्ही जाणतो. आमाकडे स्वतःचे कर्मचारी होते, करांचे अधिकार होते, कर्ज काढण्याचे आणि फेडण्याचे अधिकार होते. मुद्दा तोच आहे. तिथे बेटाने निर्णय घेतला कारण निर्णय बेटावर घेता येत होता. आपल्या घटनेच्या ११व्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय आहेत, पण किती सोपवायचे ते राज्याच्या हाती ठेवले आहे. तेहतीस वर्षे झाली तरी महाराष्ट्रासारख्या राज्यातही बहुतेक विषयांची खरी दोरी मंत्रालयात आणि जिल्ह्यालाच राहिली.

दोन आक्षेप येतील. पहिला वारशाचा. पंचायतीला मोकळीक दिली तर लेण्यांभोवती टपऱ्यांचे जंगल माजेल. ही भीती निराधार नाही. पायऱ्यांवरच्या निळ्या ताडपत्र्या आणि दुकानांची दाटी ज्याने पाहिली आहे, त्याला ती वाटणारच, आणि पंचायतीच्या राजकारणात गावकी-भावकी नसते असेही नाही. पण आज जे दिसते ते पंचायतीला अधिकार नसतानाचेच चित्र आहे. कोणाचेच पूर्ण नियंत्रण नसले की अतिक्रमण वाढते. दुकानांची जागा, संख्या आणि स्वरूप ग्रामसभेने पुरातत्त्व खात्यासोबत बसून ठरवावे, पाळले नाही तर दंडही ग्रामसभेनेच करावा. लेणी टिकली तर आपले पोट टिकेल, हे घारापुरीच्या माणसाला दिल्लीच्या माणसापेक्षा जास्त कळते.

दुसरा आक्षेप अधिक कठोर आहे. हजार माणसांसाठी एवढा खटाटोप कशाला, त्यांना उरणला घरे द्या आणि बेट मोकळे करा. हा सल्ला देणाऱ्यांनी आधी उरणच्या हनुमान कोळीवाड्यात जाऊन यावे. समोरच्या बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठवला गेला, त्या कुटुंबांना जी जागा दिली तिथली घरे वाळवीने पोखरली, आणि बंदराची भरभराट होत असताना त्यांची पुनर्वसनासाठीची लढाई दशकानुदशके चालू राहिली. घारापुरीच्या आगरी-कोळी माणसाला हे शेजारचे उदाहरण पाठ आहे. तो बेट सोडणार नाही, आणि का सोडावे?

वीज येऊन आठ वर्षे झाली. त्या उजेडावर पुढचे काही उभे करायचे तर कामे अवाढव्य नाहीत. बेटांसाठी दरसूचीत जलवाहतुकीचा वेगळा दर. लोकसंख्येचा निकष शिथिल करून शासनाने मान्य केलेले आरोग्य उपकेंद्र आणि तिथे मुक्कामी परिचारिका. एक रुग्णबोट, तिच्या डिझेलची आणि चालकाच्या पगाराची जिल्हा नियोजन समितीच्या आराखड्यात कायमची तरतूद. कॉलेजच्या मुलांसाठी सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी सुटणारी, पर्यटकांच्या संख्येवर अवलंबून नसलेली होडी. वीज आहे म्हणून बर्फाचा छोटा कारखाना, म्हणजे मासेमारीला पुन्हा अर्थ येईल. ओहोटीतही बोट लागेल असा धक्का तिन्ही पाड्यांना. तिकिटातला वाटा. आणि समुद्रतळावरची ती केबल कधी नादुरुस्त झालीच तर किती दिवसांत दुरुस्त होईल याचे लेखी आश्वासन, कारण एकदा उजेडाची सवय झालेल्या गावाला पुन्हा कंदिलावर ढकलता येणार नाही. हे सगळे मिळून अटल सेतूच्या काही मीटरांच्या खर्चात बसेल की थोडे जास्त होईल, याचा हिशेब ज्यांना मांडायचा त्यांनी जरूर मांडावा. वीज देताना जो मांडला नाही तो आताही न मांडला तर आम्हाला अधिक आवडेल.

येत्या आठवड्यात १ मे आहे. त्या दिवशी राज्यातल्या प्रत्येक गावात ग्रामसभा घ्यावी लागते, तशी ती घारापुरीतही होईल. ‘आमचं गाव, आमचा विकास’चा आराखडा करताना गावकऱ्यांनी याआधी जी कामे सुचवली आणि जी ‘निकषात बसत नाही’ म्हणून परत आली, त्यांची यादी ग्रामपंचायतीच्या दप्तरात असेल. रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांनी, जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी आणि पुरातत्त्व खात्याच्या मुंबई मंडळाच्या अधिकाऱ्यांनी त्या सभेला एकत्र जावे. जाताना गेटवेची पर्यटक बोट घेऊ नये. गावकऱ्यांच्या होडीने जावे, ती यादी समोर ठेवून एकेका कामाचा निकष तिथेच तपासावा आणि रात्री बेटावरच मुक्काम करावा.